डेंटल क्लिनिकसाठी भाड्याची जागा: पहिल्या पाहणीपासून ताबा मिळेपर्यंत

डेंटल क्लिनिक एकदा बसलं की उचलून दुसरीकडे नेता येत नाही. जनरल प्रॅक्टिस करणारे डॉक्टर टेबल, कपाट आणि तपासणीचा पलंग टेम्पोत घालून एखाद्या रविवारी गाळा बदलू शकतात. आपली खुर्ची मात्र फरशीखालून आलेल्या पाच लाइन्सवर उभी असते: पाणी, सांडपाणी, कॉम्प्रेसरची हवा, सक्शन (तोंडातलं पाणी ओढून घेणारी लाइन) आणि वीज. तो सगळा खर्च दुसऱ्याच्या मालकीच्या फरशीत जातो आणि तिथेच राहतो. म्हणून भाडं किती, हा प्रश्न मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. या फरशीखाली काय करता येईल आणि इथे किती वर्षं निर्धास्त बसता येईल, हे आधी विचारायचं. पुढचं सगळं महाराष्ट्रातल्या नियमांना धरून आहे. गोव्यात भाड्याचा कायदा वेगळा आहे, तिथल्या मित्रांनी कराराचा भाग स्थानिक वकिलाकडून तपासून घ्यावा.

बाहेर पडण्याआधी

आधी खुर्च्या किती, ते ठरवा. आज एक आणि दोन वर्षांनी दुसरी, असा विचार असेल तर जागा दोन खुर्च्यांचीच बघा आणि दुसरीची पाइपलाइन पहिल्याच दिवशी टाकून ठेवा. चालू क्लिनिकमध्ये फरशी फोडणं म्हणजे आठवडाभर धूळ आणि बंद दार. एका खुर्चीच्या केबिनला ९ बाय १० फूट ही सुखाची जागा आहे. पेशंट आडवा झाल्यावर डोक्यामागे तुम्हाला बसायला आणि असिस्टंटला डाव्या बाजूने हात घालायला मोकळीक लागते. त्यात वेटिंग, रिसेप्शन, निर्जंतुकीकरणाची वेगळी जागा, टॉयलेट आणि कॉम्प्रेसरचा कोपरा धरला की दोन खुर्च्यांना साधारण ४०० ते ५०० चौरस फूट कार्पेट लागतं.

कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, हा शब्द पक्का धरा. एजंट फोनवर ‘साडेसहाशेचा गाळा’ म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा सुपर बिल्ट-अप सांगत असतो, म्हणजे जिना, लॉबी आणि भिंतींची जाडीही त्यात आली. टेप घेऊन स्वतः मोजा, आणि दोन जागांची तुलना करताना भाड्याला कार्पेट फुटांनीच भागा.

मग एक हिशेब मांडा. जागा सोडताना जे नेता येणार नाही त्याची बेरीज करा: प्लंबिंग, टाइल्स, पार्टिशन, वायरिंग, फॉल्स सीलिंग. समजा ती ४ लाख रुपये आली. करार ३६ महिन्यांचा असेल तर दर महिन्याला साधारण ११,१०० रुपये आणि ६० महिन्यांचा असेल तर ६,७०० रुपये भाड्यावर मनातल्या मनात चढवायचे. चार हजार रुपये स्वस्त पण तीनच वर्षांची जागा या हिशेबात महाग ठरते. मालकाशी बोलताना हा आकडा डोक्यात असला की भाड्याच्या हजार-पाचशेवरून ताणायचं की मुदतीवरून, ते आपोआप कळतं.

परिसर

जागा आवडली तर तिथे संध्याकाळी ६ ते ९ उभं राहून पाहा आणि रविवारी सकाळी पुन्हा जा. नोकरदार वस्तीत प्रॅक्टिस याच वेळांत चालते. दुपारी मोकळा वाटणारा रस्ता संध्याकाळी दुचाकीही लावू देत नसेल, तर रूट कॅनालच्या तीन-चार बैठकांना येणारा पेशंट कंटाळतो. तालुक्याच्या गावी गणित वेगळं असतं. तिथे एसटी स्टँडपासून चालत किती अंतर आणि आठवडी बाजाराच्या दिवशी त्या रस्त्याचं काय होतं, हे बघायचं. आसपासच्या खेड्यांतले पेशंट बाजाराच्याच दिवशी दात दाखवायला येतात.

शेजारी आधीच डेंटिस्ट आहेत म्हणून जागा सोडू नका, पण ते काय करतात हे जाणून घ्या. तीन जनरल क्लिनिक असलेल्या रस्त्यावर मुलांच्या दातांच्या डॉक्टरला जागा असू शकते, विशेषतः शाळा जवळ असेल तर. मेडिकलचं दुकान आणि जुना, विश्वासाचा फॅमिली डॉक्टर जवळ असणं ही मोठी जमेची बाजू. पहिल्या मजल्यावरची जागा निम्म्या भाड्यात मिळत असेल आणि लिफ्ट नसेल, तर कवळी बसवायला येणाऱ्या आजोबांचा विचार करा. कवळीचा पेशंट एकदाच जिना चढत नाही. मापापासून शेवटच्या घासणीपर्यंत पाच-सहा वेळा चढतो. तळमजल्याच्या गाळ्यालाही दोन-तीन पायऱ्या असतात. तिथे रॅम्प बसेल एवढी समोर जागा आहे का आणि ती जागा कुणाच्या मालकीची आहे, हेही बघून ठेवा.

पाटी दिसण्यासाठी फार आटापिटा करू नका. दंतवैद्यांच्या आचारसंहितेत अवाजवी मोठा फलक अयोग्य मानला आहे. रस्त्यावरून दार दिसणं पुरेसं आहे.

प्लंबरला घेऊन दुसरी फेरी

ही फेरी इंटेरियरवाल्याबरोबर करण्याआधी प्लंबर आणि इलेक्ट्रिशियनबरोबर करा. शक्य असेल तर खुर्चीच्या कंपनीच्या इंजिनिअरलाही बोलवा. खुर्चीच्या जंक्शन बॉक्सचा नकाशा त्याच्याकडे असतो.

सगळ्यात आधी सांडपाण्याचं तोंड शोधा. थुंकीच्या भांड्याचं आणि सक्शनचं पाणी उतारानेच जातं, आणि ४० फुटांना १ फूट हा उतार धरला तर तोंडापासून २० फुटांवर ठेवलेल्या खुर्चीला ६ इंच उतार लागतो. तळमजल्यावर जमीन खोदून तो मिळवता येतो. वरच्या मजल्यावर स्लॅबला हात लावायचा नाही, मालक हो म्हणाला तरी नाही. मग खुर्चीखालची फरशी उचलावी लागते, आणि ६ इंच उचललेली फरशी म्हणजे केबिनच्या दारात एक पायरी, वर कमी झालेली उंची आणि स्लॅबवर वाढलेलं वजन. त्यामुळे खुर्च्या टॉयलेटच्या किंवा बाल्कनीच्या भिंतीला लागून बसतील अशी जागा दिसायला साधी असली तरी सोन्याची. काचेचा मोठा दर्शनी भाग आणि मागे एकही ड्रेन नाही अशा शोरूमसारख्या गाळ्यांवर भाळू नका.

पाण्याचं विचारताना ‘चोवीस तास आहे’ यावर थांबू नका. नळाचं की बोअरचं? बोअरचं जड पाणी हँडपीस (दात कोरायचं हत्यार), खुर्चीचे व्हॉल्व्ह आणि अल्ट्रासॉनिक स्केलर (दात साफ करायचं यंत्र) हळूहळू खातं. ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राला, तर डिस्टिल्ड पाणीच लागतं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर स्वस्तात मिळतं, ते खिशात ठेवा. जडपणाचा पक्का आकडा हवा असेल तर बाटलीभर पाणी तपासायला द्या. टाकी सामाईक असेल तर ती किती वाजता रिकामी होते, हे शेजारच्या दुकानदाराला विचारा, तो खरं सांगतो. वीज-पाण्याच्या देखभालीचा वार कोणता, तेही त्याच्याकडूनच कळतं. पुण्यात तो अनेकदा गुरुवार असतो, आणि अपॉइंटमेंटचं वेळापत्रक त्याभोवती बसवावं लागतं.

वीज. महावितरणचं जुनं बिल मागा आणि त्यावर दोन गोष्टी वाचा: मंजूर भार आणि दर संकेत, म्हणजे बिल कोणत्या वर्गाच्या दराने लागतं. दीड टनाचा एसी चालताना दीड ते दोन किलोवॅट घेतो, ऑटोक्लेव्ह दोनच्या आसपास, एक हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर पाऊण. दोन एसी, सक्शन, दिवे आणि संगणक धरले की दोन खुर्च्यांचं क्लिनिक ८ ते १० किलोवॅटपर्यंत सहज जातं, आणि अनेक छोट्या गाळ्यांचा मंजूर भार दोन-तीन किलोवॅटच असतो. भार वाढवायला किंवा थ्री-फेज घ्यायला मीटर ज्याच्या नावावर आहे त्याचा अर्ज किंवा संमती लागते. ती कराराच्या आधी घ्या. दर संकेताचं फार जणांना माहीत नसतं: महावितरणच्या दररचनेत खासगी दवाखाने आणि क्लिनिक ‘सार्वजनिक सेवा – इतर’ या वर्गात येतात. गाळ्याचं मीटर दुकानाच्या व्यापारी वर्गातच चालू राहिलं तर तुम्ही महिनोन्‌महिने दुकानदाराच्या दराने बिल भरत राहता. वर्ग बदलण्याचा अर्ज आणि त्याला मालकाची सही, दोन्ही यादीत लिहून ठेवा.

कॉम्प्रेसर कुठे बसणार? त्याला मोकळी हवा हवी आणि त्याचा आवाज कुणाच्या झोपण्याच्या खोलीला लागता कामा नये. राहत्या इमारतीतल्या क्लिनिकची पहिली तक्रार बहुधा याचीच येते. डक्टमध्ये किंवा मागच्या बाल्कनीत बसवायचा असेल तर सोसायटीची लेखी संमती घ्या, आणि एसीच्या बाहेरच्या युनिटचीही.

एक्स-रेचा विचारही याच फेरीत करा. साधं दाताचं एक्स-रे यंत्र असो, ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) असो की सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन), अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा प्रणालीवर त्याची रीतसर नोंद किंवा परवाना लागतो, आणि त्यात यंत्र कुठे बसणार याची माहिती द्यावी लागते. ९ इंची विटांच्या भिंतींची जुनी इमारत किरणं अडवायला इथे उपयोगी पडते. प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडे शेजाऱ्याचं वेटिंग असेल तर ओपीजीची जागा आधी ठरवून पुरवठादाराकडून लेआउट तपासून घ्या.

जैववैद्यकीय कचऱ्यासाठी वेगळा कोपरा लागतोच. २०१६ च्या नियमांत पलंग नसलेली क्लिनिकही येतात. पिवळा, लाल, निळा डबा आणि सुयांसाठी पांढरा न भोसकला जाणारा डबा, हे सगळं झाकणासह राहील आणि पेशंटच्या वाटेत येणार नाही अशी जागा हवी. काढलेला दात पिवळ्यात जातो. प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवायचा नाही, तेव्हा कचरा नेणारी गाडी त्या भागात नियमित येते का, हेही विचारा. शहरात प्रश्न येत नाही, लांबच्या तालुक्यात येऊ शकतो.

या जागेत क्लिनिक चालवायला परवानगी आहे का

गाळा किंवा ऑफिस म्हणून मंजूर जागा असेल तर काम सोपं. फ्लॅटमध्ये क्लिनिक टाकायचं असेल तर ‘शेजारच्या विंगमध्ये डॉक्टर बसतात की’ एवढ्यावर जाऊ नका. मुंबईला विकास नियंत्रण नियमावली २०३४ लागू आहे आणि राज्याच्या बहुतेक उरलेल्या भागाला २०२० ची एकात्मिक नियमावली. राहत्या इमारतीत दवाखाना कोणत्या मजल्यावर, किती क्षेत्रात, स्वतंत्र प्रवेश असेल तरच की कसा, याच्या अटी तिथे असतात आणि त्या जागेगणिक बदलतात. मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र घेऊन एखाद्या स्थानिक आर्किटेक्टला तासभर बसवा. त्याची फी ही या सगळ्या खर्चातली सगळ्यात लहान रक्कम असते.

सोसायटीचं ना-हरकत पत्र कसं लिहिलेलं आहे, याला महत्त्व आहे. ‘भाडेकरू ठेवण्यास हरकत नाही’ एवढं वाक्य असेल तर ते क्लिनिकला पुरत नाही. पत्रात दंतवैद्यकीय क्लिनिकसाठी वापर, पेशंटना लिफ्ट, पाटीची जागा आणि रविवारची वेळ हे मुद्दे नावानिशी आले पाहिजेत. नवी कमिटी आली की जुन्या कमिटीचा तोंडी शब्द टिकत नाही. मालक स्वतः राहत नसल्याचं बिगर-भोगवटा शुल्क सोसायटी लावते. राज्य सरकारच्या २००१ च्या आदेशाने ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. कोण भरणार ते करारात लिहा.

मालकाचे कागद

देणारा खरोखर देऊ शकतो का, हे बघायला पुढचे कागद पुरतात:

- खरेदीखताचा इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा व्यवहाराचा गोषवारा), आणि सोसायटी असेल तर शेअर सर्टिफिकेट
- मालमत्ता कराची चालू पावती आणि वीजबिल
- भोगवटा प्रमाणपत्र
- कर्ज असेल तर बँकेची संमती
- मालक परदेशात असेल तर कुलमुखत्यारपत्र, आणि त्यात भाड्याने देण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेला आहे की नाही

सहमालक असतील तर सगळ्यांच्या सह्या घ्या. भावाभावांत वाटणी व्हायची असलेल्या वाड्यातली जागा कितीही मोक्याची असली तरी वकिलाशिवाय पुढे जाऊ नका. मुंबई-पुण्याच्या जुन्या भागांत आणखी एक प्रकार भेटतो: तुम्हाला जागा देणारा स्वतःच पागडीचा भाडेकरू असतो. मूळ घरमालकाच्या लेखी संमतीशिवाय तो जागा पुढे देत असेल, तर तुमच्या पाइपलाइनसकट तुम्ही दोघांच्या वादात सापडता.

आकड्यांची बोलणी

डिपॉझिट आणि वार्षिक वाढ जागेनुसार बदलते. वर्षाला ५ टक्के वाढ सर्रास मागितली जाते. माझा आग्रह एका वेगळ्या गोष्टीवर असतो, तो म्हणजे काम चालू असतानाचे बिनभाड्याचे दिवस. ताबा मिळाल्यापासून पहिला पेशंट बसेपर्यंत महिना-दीड महिना जातोच. त्या काळाचं भाडं माफ करायला मालक सहसा तयार होतो, कारण त्याचीच जागा सुधारत असते. मात्र हे मागावं लागतं, आणि सही करण्याआधी मागावं लागतं.

‘अधिक जीएसटी’ हे दोन शब्द ऐकले की थांबा. मालक जीएसटी नोंदणीकृत असेल तर व्यावसायिक जागेच्या भाड्यावर १८ टक्के लागतात. दुकानदार तो कर वळता करून घेतो. आरोग्यसेवा करमुक्त असल्यामुळे आपल्याला तसं करता येत नाही, तो पूर्ण पैसा खिशातून जातो. ४०,००० चं भाडं प्रत्यक्षात ४७,२०० होतं. दोन जागांची तुलना हा आकडा धरूनच करा. भाडं महिन्याला ५०,००० च्या पुढे असेल तर त्यातून टीडीएस (मालकाच्या उत्पन्नावरचा, भाडं देतानाच कापायचा कर) कापण्याची जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. पहिलं भाडं देण्याआधी सीएला विचारा.

करार

आपल्याकडे बहुतेक जागा लीव्ह अँड लायसन्सवर मिळतात. ११ महिन्यांचा करार नोटरी केला की झालं, हा समज अजून घट्ट आहे आणि तो चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृतच असला पाहिजे, मुदत कितीही असो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. तरी तुम्ही मागे लागा, कारण बँकेचं कर्ज आणि पुढचे परवाने यांना पत्त्याचा पुरावा म्हणून हाच कागद लागतो.

मुदत ६० महिन्यांची मागा. तिथपर्यंत मुद्रांक शुल्क अगदी कमी आहे: पूर्ण मुदतीचं भाडं, परत न मिळणारं डिपॉझिट असल्यास ते, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के. समजा भाडं पाच वर्षं ४०,००० आणि डिपॉझिट २ लाख. भाड्याचे २४ लाख, व्याजाचा १ लाख, बेरीज २५ लाख, मुद्रांक शुल्क ६,२५० रुपये. नोंदणी फी शहरी भागात १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. पाच वर्षांच्या निश्चिंतीसाठी एवढाच खर्च येतो. ६० महिन्यांच्या पुढे गेलं की शुल्काची आकारणीच बदलते आणि ते बरंच वाढतं. नोंदणी ऑनलाइनही होते, आधार आणि बोटांचे ठसे देऊन.

आता कलमं. लॉक-इन (ठराविक काळ करार न मोडण्याची अट) बघताना ते कुणाला बांधतं हे वाचा. छापील मसुद्यात ते अनेकदा फक्त तुम्हाला बांधतं आणि मालक मात्र महिन्याच्या नोटिशीवर मोकळा असतो. आपल्या धंद्यात हे उलटं हवं: मालक पूर्ण ६० महिने बांधलेला आणि तुम्ही पहिल्या वर्ष-दीड वर्षानंतर तीन महिन्यांच्या नोटिशीवर मोकळे. सगळं मिळणार नाही, पण निदान मालकाने भाडं वेळेवर येत असताना काढू नये एवढं तरी लिहून घ्या.

आणि हे कलम कुणी सांगत नाही म्हणून जोर देऊन लिहितो. लायसन्स म्हणजे जागा वापरण्याची परवानगी, जागेत हक्क नाही. भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२ च्या कलम ५९ नुसार मालकाने जागा विकली तर नवा मालक त्या लायसन्सने आपोआप बांधला जात नाही. पाच वर्षांच्या नोंदणीकृत करारावर विसंबून आठ-दहा लाख घातलेल्या डॉक्टरला हे विक्रीनंतर कळू नये. म्हणून करारात लिहून घ्या की विक्रीआधी मालक तुम्हाला लेखी कळवेल, खरेदीदाराकडून उरलेल्या मुदतीची लेखी मान्यता घेईल, आणि तसं न झाल्यास न नेता येणाऱ्या कामाचा उरलेला खर्च महिन्यांच्या प्रमाणात भरून देईल. कामाची बिलं जपून ठेवा. ४ लाखांच्या कामातले ६० पैकी ३० महिने उरले असतील तर २ लाख, इतकी साधी भाषा कलमात असावी. गुंतवणूक फार मोठी असेल तर लायसन्सऐवजी नोंदणीकृत भाडेपट्टा घ्यायचा का, हे वकिलाशी बोला. शुल्क जास्त, पण हक्क पक्का.

बाकीची कलमं थोडक्यात. रविवारी येणारे ऑर्थोडॉन्टिस्ट (वाकडे दात सरळ करणारे डॉक्टर) आणि महिन्यातून दोनदा येणारे सर्जन हे पोटभाडेकरू ठरणार नाहीत, असं स्पष्ट वाक्य हवं. जागा ‘पूर्ववत करून’ देण्याची अट असेल तर फरशीखालचे पाइप उकरावे लागतील का, ते लिहा. तोंडं बंद करून पाइप तिथेच सोडता येतील एवढं पुरे. त्याच मालकाचे शेजारी गाळे असतील तर ते दुसऱ्या डेंटल क्लिनिकला न देण्याची अट मागा. व्यवसायामुळे मालमत्ता कर वाढला तर फरक कुणी भरायचा, गळती आणि ड्रेनेज तुंबण्याची दुरुस्ती कुणाकडे, डिपॉझिट ताबा परत दिल्याच्या दिवशीच परत, हेही त्यात हवं. तुमच्या आजारपणात किंवा मृत्यूनंतर कुटुंबीयांना दंड न भरता जागा सोडता यावी किंवा क्लिनिक दुसऱ्या नोंदणीकृत डेंटिस्टला चालवायला देता यावं, हेही लिहा. बोलायला अवघड विषय आहे, पण घरच्यांसाठी तो बोला.

टोकन आणि ताबा

टोकन द्यायचं तर छोटं द्या, चेकने किंवा ऑनलाइन, आणि सोबत एका पानावर अटी: सोसायटीचं पत्र, वीजभार वाढवायला संमती आणि प्लंबिंगची परवानगी मिळाली नाही तर टोकन परत. एजंटची दलाली करार नोंदला गेल्यावरच द्या.

ताब्याच्या दिवशी प्रत्येक भिंत, छत, टॉयलेट आणि मीटरचं रीडिंग यांचे फोटो काढून मालकाला त्याच दिवशी पाठवा. मागची वीजबिलं, पाणीपट्टी, मेंटेनन्स यांची थकबाकी शून्य असल्याचं लिहून घ्या. फरशी बंद करण्याआधी सगळ्या पाइपांचे टेप लावून फोटो काढा आणि खुर्चीच्या इंजिनिअरला लाइन्स दाब देऊन तपासायला लावा, कारण टाइल्स बसल्यावर गळती शोधणं फार महाग पडतं. काम चालू असतानाच नोंदणीकृत कराराची प्रत लावून कागद पुढे ढकला: महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची जैववैद्यकीय कचऱ्याची अधिकृतता, जी पलंग नसलेल्या क्लिनिकला एकदाच घ्यावी लागते, कचरा उचलणाऱ्या केंद्राशी करार, ई-लोरावरची नोंद आणि शॉप अॅक्टची सूचना. सोबत वीजवर्ग बदलण्याचा अर्ज जोडायला विसरू नका. मालकाची सही घ्यायला हीच वेळ बरी, नंतर तो दर वेळी भेटेलच असं नाही.